डब्यावरचं नाव वाचून घ्या

'आइस्क्रीम म्हणजे नुसती साखर, मुलांना देऊच नये' हे काही जणांचं मत मला पटत नाही. साध्या व्हॅनिलाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 200 कॅलरी आणि 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते हे खरं, पण साडेतीनेक ग्रॅम प्रथिनं आणि दुधातलं कॅल्शियमही मिळतं. मात्र डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. नुसतं 'आइस्क्रीम' लिहायचं तर नियमाप्रमाणे किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. घेताना हे वाचाच!

आम्ही फॅमिली पॅक आणणं बंद केलंय, कारण फ्रीजरमध्ये असला की रोज रात्री चमचा फिरतोच. त्यापेक्षा मुंबईत चर्चगेटला जाणं झालं की के. रुस्तम या आइस्क्रीमच्या दुकानातलं दोन वेफरमधलं एक आइस्क्रीम, अगदी चवीनं.