ब्लेअरगौरीच्या धक्क्याखाली बारीक जीव दिसण्यासाठी नेमके काय करावे?

निळाई
नमस्कार. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर नोकरीनिमित्त मी मेलबर्नला आले आणि गेल्या रविवारी पोर्ट फिलिप उपसागरातील ब्लेअरगौरीच्या धक्क्याखाली पहिल्यांदाच डाइव्ह केली. आमच्या आधी बाहेर आलेल्या मंडळींनी समुद्रघोडे आणि रंगीबेरंगी न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) पाहिल्याचे सांगितले; मी मात्र धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले तरी मला शेवाळलेले खांब आणि काही मासे यांपलीकडे काही दिसले नाही. शोध कसा घ्यावा आणि निळ्या वलयांच्या ऑक्टोपसची भीती कितपत बाळगावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खांबवेडा
तुम्ही एका डाइव्हमध्ये फार अंतर कापलेत, असे मला वाटते. येथे पाणी उथळ असल्याने हवा बराच वेळ पुरते. तेव्हा दोन-तीनच खांब निवडून प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. धक्क्याच्या सावलीत समुद्री वनस्पतींची वाढ मर्यादित राहते आणि ती जागा स्पंज, ॲसिडियन (एका जागी चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी) व ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे सूक्ष्म प्राणी) घेतात. जे तुम्हाला शेवाळ वाटले, त्यातील बराचसा भाग वनस्पती नसून पाणी गाळून अन्न मिळवणारे प्राणी आहेत.

न्यूडिब्रँक शोधायचा तर आधी त्याचे अन्न शोधावे, कारण यांतील अनेक जातींचे खाणे ठरलेले असते. पिवळ्या अंगावर निळे ठिपके असलेला टँब्या व्हेर्कोनिस निळसर, झुडपासारख्या ब्रायोझोआवर जगतो. ते झुडूप सापडले की फांदी न् फांदी निरखावी. टॉर्च दिवसाही हवाच, कारण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते आणि उजेड टाकेपर्यंत लालभडक स्पंजही मातकट दिसतो.

दक्षिणवारा
वरील सल्ल्यात हवामानाची भर घालतो. हा धक्का उपसागराच्या दक्षिण किनाऱ्यावर असल्याने उत्तरेचा वारा सुटला की लाटा थेट अंगावर येतात आणि तळ ढवळून निघतो. दक्षिणेचा वारा असलेला दिवस निवडावा. हिवाळ्यात (येथे जून ते ऑगस्ट) पाणी फार थंड होते आणि एका जागी थांबून पाहताना थंडी अधिकच जाणवते, म्हणून तेव्हा अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट उत्तम. असे असले तरी हिवाळा टाळू नये, कारण साधारण मे ते जुलैमध्ये स्पायडर क्रॅब नावाचे असंख्य खेकडे जुने कवच टाकण्यासाठी याच किनाऱ्यालगत गोळा होतात.

ऑक्टोपसविषयी सांगायचे तर तो स्वतःहून अंगावर येत नाही, परंतु त्याच्या विषावर उतारा उपलब्ध नाही. त्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि वैद्यकीय मदत मिळेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे एवढाच आधार उरतो. त्यामुळे तो लपून बसलेला असू शकेल असे रिकामे शिंपले, डबे आणि बाटल्या उचलू नयेत; निळी वलये ठळक चमकू लागली तर तो चिडला आहे असे समजून मागे सरावे.

आणखी एक कळकळीची विनंती: फोटोच्या नादात खांबाला धरू नये. एका हाताच्या दाबाने स्पंजची अनेक वर्षांची वाढ तुटते. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा.

निळाई
दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा गेले आणि तीन खांबांवरच पाऊण तास घालवला. दुसऱ्या खांबावर स्पंजला शेपटीचा विळखा घातलेला समुद्रघोडा दिसला! त्याच्या पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, गुळगुळीत फुगवटा होता. ती मादी असावी का?

खांबवेडा
नाही, तो नर आहे. समुद्रघोड्यांत मादी आपली अंडी नराच्या पिशवीत सोडते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत तोच ती वागवतो. पुन्हा भेटला तर टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर न टाकता बाजूने धरावा.