फिरती फिजिओथेरपी: शहापूर-मुरबाडच्या गावांत गाडी न्यायचीय, सुरुवात कशी करू?

नौपाडा_फिजिओ

नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, बारा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात किन्हवलीकडच्या एक बाई कंबर धरून आल्या. गावातून जीपने शहापूर, तिथून रिक्षाने आसनगाव, मग लोकलने ठाण्यापर्यंत उभ्याने. दोनदा आल्या. तिसऱ्या वेळी फोन आला, "ताई, तुमच्याकडे येण्याजाण्यातच कंबर जाते माझी. आता नाय येत." मजुरी बुडत होती ती वेगळीच.

विहिरीवर दिवसाला किती खेपा होतात हे मी त्यांना विचारलं होतं. मे महिन्यात सहा. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी, म्हणजे वीस-पंचवीस किलो. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं त्यांच्याच तालुक्यात आहेत. त्या फोननंतर हे सारखं डोक्यात फिरतंय.

एक जुनी गाडी घ्यायची, आत टेबल आणि मशीन बसवायची आणि रविवारी गावं करायची असं ठरवतेय. महिन्याला आठ गावं होतील असा हिशेब मांडलाय. कोणकोणत्या मशीन घ्याव्यात? परवानगी कोणाची लागते? मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेले पेशंट भेटले तर गाडीतून काय करता येतं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मनापासून सांगावं.

कळवा_मुरबाड

मी कळव्याला राहतो. नऊ वर्षं महिन्याचे दोन रविवार मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे जातो. तुमचा हिशेब वाचून राहवलं नाही म्हणून लांब लिहितोय.

आठ गावं करू नका. दोन करा, पण त्या दोन गावांत दर पंधरा दिवसांनी ठरल्या रविवारी जा. असं का म्हणतो ते पुढे सांगतो.

आधी मशीनचं. पहिल्या वर्षी मी आयएफटी (दुखऱ्या जागी करंट द्यायचं मशीन), ध्वनिलहरींनी उपचार करायचं अल्ट्रासाउंड, शेकाच्या पिशव्या, सगळं नेलं. लाइट गेली की हात बांधून बसायचं. त्याहून वाईट म्हणजे लोक 'करंट लावून घ्यायला' येऊ लागले. तासभर बरं वाटायचं, संध्याकाळी भाताचा भारा उचलला की पुन्हा तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि पेशंटला नीट समजावणं यांची शिफारस त्यांत आहे. ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं), अल्ट्रासाउंड, टेन्स (हेही करंटचंच मशीन) आणि कमरेचा पट्टा सरसकट वापरू नका असं त्या सांगतात. पट्टा तर आमच्याकडे घराघरात आहे. मेडिकलमधून आणतात आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलातसुद्धा बांधून उभ्या राहतात बाया.

आता माझ्या गाडीत घडीचं टेबल, दोन गोधड्या, रिफ्लेक्स बघायची हातोडी, थर्मामीटर आणि वजनकाटा एवढंच असतं. फिजिओच्या गाडीत वजनकाटा कशाला, ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई आल्या. तीन महिने पाठ दुखते म्हणाल्या. रांग मोठी होती. मी पाठीवरून हात फिरवला, शेक दिला, दोन व्यायाम दाखवले आणि पाठवलं. पंधरा दिवसांनी त्याच पुन्हा आल्या. टेबलाजवळ त्यांच्या हातातली पिशवी पडली आणि ती उचलायला त्या वाकल्याच नाहीत. पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांत बसल्या, एक हात मांडीवर टेकवला, दुसऱ्या हाताने पिशवी घेतली आणि मांडीवर जोर देत उठल्या. मी जागच्या जागी थांबलो. मग विचारलं तेव्हा कळलं, संध्याकाळी अंग कोमट लागतं, पोलकं ढिलं झालंय, रात्री कूस बदलली की जाग येते. पाठीच्या मधोमध एका मणक्यावर बोट ठेवलं तर कळवळल्या. मणक्याचा टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या सुरू झाल्या. हाडाच्या टीबीचा कोर्स लांब असतो, वर्षभर किंवा त्याहून जास्त. आज त्या शेतात जातात. पण माझे ते पंधरा दिवस फुकट गेलेच, आणि मी आठ गावांच्या चक्रात असतो तर पंधरा दिवसांचे चार महिने झाले असते. तोवर पाय लुळे पडू शकले असते.

तेव्हापासून पाठीला हात लावण्याआधी ताप आणि वजन बघतो. काही प्रश्न चुकवत नाही. लघवी अडते का किंवा नकळत होते का, बसायच्या जागी बधिर लागतं का, चालताना पाऊल लोंबतं का, चप्पल पायातून निसटते का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, वरून पडलात का. यातलं एक जरी 'हो' आलं तर व्यायाम नाही, मालिश नाही. लघवीचं किंवा बधिरपणाचं असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. तशा वेळी मी माझ्याच गाडीत घालून नेलेलं आहे.

अजून एक. पाठीवर बिब्याचे काळे डाग दिसतील. उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाकडून पाय लावून घेतला असेल. रागावू नका. माझ्यासोबत एकदा आलेला नवा मुलगा मोठ्याने बोलला, तर त्या पाड्यावरच्या बायकांनी पुढचे दोन महिने पाठ उघडी केली नाही. बिब्याने कातडी भाजते, एवढं हळू सांगायचं आणि कामाला लागायचं.

जुलैत आवणी असते, तेव्हा तुमचं टेबल रिकामं राहील, म्हणून टेबल न मांडता बांधावर जा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. पेशंट भट्टीवर गेला असेल तर मी ठिकाण विचारून तिथे जातो.

परवानगीसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. तुमचा फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक पत्रात घाला. आदिवासी भागात एका केंद्रामागे वीस हजार लोकवस्ती धरतात आणि फिजिओचं पद तिथे सहसा नसतं, त्यामुळे दार बंद नाही होत. पुढे पाठवलेले पेशंटही त्यांच्यामार्फतच जातात.

डोळखांब_आशा

ताई, मी आशा कार्यकर्ती आहे, गावात आरोग्याचं काम करते, शहापूर तालुक्यात. वरच्या सरांनी लिहिलंय ते खरं आहे. माझं थोडं ऐका.

आमच्याकडे कॅम्प येतात, फोटो काढतात, गोळ्या देतात. गोळ्या संपल्या की बाया मला विचारतात, ते परत कधी येणार. माझ्याकडे उत्तर नसतं.

पडदा आणा. मराठी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं तर एकही बाई त्यावर पालथी झोपणार नाही, समोर सासरा नाहीतर दीर बसलेला असतो. आणि व्यायाम झोपून करायचे सांगू नका. सकाळी चारला उठून पाणी, चूल, मग कामावर. चटई टाकायला जागा कुठे आणि वेळ कुठे? मागे एका मॅडमनी विहिरीच्या कठड्याला हात टेकून मागे वाकायचं दाखवलं होतं, हंडा भरेपर्यंत दहा वेळा. ते बाया अजून करतात. हंडा उचलून देताना एकीने दुसरीला हात द्यायचा, हेही त्यांनीच लावलं. 'आराम करा' म्हणू नका, ते ऐकलं की बाई मनातल्या मनात तुम्हाला सोडून देते.

अंथरुणातल्या पेशंटचं विचारलंत. आमच्या पाड्यावर एक पोरगा आंबे उतरवताना पडला, चोवीस वर्षांचा. ऑपरेशन करून घरी सोडला. दर दोन तासांनी कूस बदलायची हे आईला कोणीच नीट सांगितलं नव्हतं. महिन्याभरात माकडहाडावर जखम, माझी मूठ जाईल एवढी. मी रोज ड्रेसिंगला जायचे. मग तालुक्याहून एक फिजिओ आले. त्यांनी आईच्या फोनमध्ये दोन-दोन तासांचा अलार्म लावून दिला, गोधडीची वळकटी करून पाठीमागे कशी लावायची, टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, ते तिच्याच हाताने करून घेतलं. आरसा धरून त्याला स्वतःची जखम बघायला शिकवलं. जखम भरायला सात महिने लागले. आता तो बसतो. व्हीलचेअर मिळाली, पण उंबरठ्यावरून जात नव्हती. चुलत्याने उंबरठा फोडून माती भरली, तेव्हा पोरगा दीड वर्षाने अंगणात आला. ताई, गाडीतून बाकी काही जमलं नाही तरी असल्या घरात एकदा जाऊन बघा.

टीबीवाल्यांना खात्यात पोषणाचे महिना हजार रुपये येतात, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँक पासबुक नसेल तर आमच्याकडे पाठवा, आम्ही करून घेतो.

तुर्भे_गॅरेज

गाडीबद्दल तेवढं सांगतो. आत टेबल कायमचं ठोकायचं, सीट काढायच्या, छत उंच करायचं, तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. नाहीतर विम्याच्या वेळी अडचण येते. घडीचं टेबल ठेवणार असाल तर यातलं काहीच नको. लांब व्हॅन घेऊ नका, पाड्यांच्या शेवटच्या चढाला ती खालून घासते आणि पावसात वळवताही येत नाही. साधी, उंच चाकांची गाडी बघा. घ्यायच्या आधी माझ्याकडे आणा, तपासून देतो, पैसे नकोत.

नौपाडा_फिजिओ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मशीनची ऑर्डर काल रद्द केली. सर, तुम्ही ते पंधरा दिवस उघडपणे लिहिलेत, ते वाचून मी माझ्या जुन्या केसपेपरांत जाऊन तीन पेशंटना फोन केले. एकीला उद्या तपासायला बोलावलंय.

दोन गावं घेते, किन्हवलीकडचं ते एक आणि दुसरं डोळखांबजवळचं, आशाताई, तुम्ही सांगाल ते. आवणी उरकल्यावर, नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारपासून. तोवर सरांसोबत दोन रविवार मुरबाडला येऊ का? पडद्याला आईची दोन जुनी नऊवारी लुगडी काढलीत, दोरीवर सरकतील अशी शिवून घेते. ताई, रविवारी शाळेची खोली उघडून मिळेल का? आणि त्या मुलाला भेटता येईल?

कळवा_मुरबाड

जरूर या. सकाळी सहाला निघतो. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या.

डोळखांब_आशा

खोलीची चावी अंगणवाडीच्या मदतनीसबाईंकडे असते, मी बोलून ठेवते. मुलाच्या आईला आत्ताच सांगून आले. ती म्हणाली, तारीख नक्की कळव, मी त्या दिवशी मजुरीला जाणार नाय. शनिवारी मला फोन करा, पण सातनंतर. आमच्याकडे रेंज टाकीजवळच लागते, मी तिथे येऊन थांबेन.