‘पेशंट सहकार्य करत नाही’ : शुश्रूषेचे अनुभव लिहा

केसपेपरवर हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. खरं सांगायचं तर लिहिलंही आहे. २६ वर्षं नर्सिंग करून निवृत्त झाल्यावर आता त्याची लाज वाटते, कारण ते जास्त करून असायचं ते बोलता न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, हलता न येणाऱ्या किंवा आपल्यासारखं न समजणाऱ्या माणसांच्या कागदावर. तुमच्यापैकी कुणी अशांची सेवा केली असेल, कुणी स्वतः त्या खाटेवर पडला असाल, कुणी उशाशी रात्र काढली असेल. काय घडलं ते लिहा. कौतुकही चालेल, तक्रारही.

सुरुवात मी करते. सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असलेला १९ वर्षांचा मुलगा, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोनच्या सुमारास जो कण्हायला लागला तो थांबेचना. अंग ताठ, दात आवळलेले. मला वाटलं, स्नायू आखडतायत, त्याच्या आजारात ते असतंच. इथेच आम्ही फसतो. एकदा निदान लिहिलेलं असलं की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याच खात्यावर टाकायची! वेदनाशामक दिलं, तरी तेच. माझ्याबरोबर एक नवी पोरगी ड्यूटीला होती. तिने बाहेर बाकावर डोळा लागलेल्या आईला उठवून विचारलं, “हा ‘हो’ कसं म्हणतो?” आई म्हणाली, “नजर वर नेतो. पण जरा थांबावं लागतं सिस्टर, लगेच नाही जमत त्याला.”

मग ती त्याच्यापाशी वाकली आणि एकेक विचारत गेली. डोकं? पोट? पाय? प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजायची. ‘पाठ?’ला सातव्या-आठव्या आकड्याला नजर वर गेली. कूस वळवून बघतो तर कमरेखाली सुईचं टोपण रुतलेलं. कातडीवर त्याचा लालभडक गोल, शर्टाच्या बटणाएवढा. दहाचं इंजेक्शन मीच दिलं होतं, म्हणजे टोपणही माझंच. पहाटे तिने चिकटपट्टीवर लिहून उशाकडे लावलं : ‘हो = नजर वर. १० मोजा.’ डिस्चार्जपर्यंत ती पट्टी कुणी काढली नाही.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची आई

माझा मुलगा सात वर्षांचा. रक्त तपासायचं होतं. पहिल्या ठिकाणी चौघांनी धरला, मला बाहेर काढलं. रक्त मिळालं एकदाचं, पण पुढचं वर्षभर फिनाईलचा वास येणाऱ्या कुठल्याही इमारतीत तो पाऊल टाकेना.

दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टरने आदल्या दिवशीच फोन केला. कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, अंगाला हात लावलेला चालतो का, सगळं विचारून घेतलं. आम्हाला रांगेत न बसवता थेट आत घेतलं. कातडी बधिर करणारं मलम सुईच्या तासभर आधी लावलं; ते लावून लगेच टोचलं तर काही उपयोग होत नाही म्हणे. ट्यूबलाईट बंद करून खिडकीचा उजेड ठेवला. दंडाला बांधायचा रबरी पट्टा आधी त्यालाच स्वतःच्या हातावर बांधायला दिला. त्याने तो चार वेळा बांधला, चार वेळा सोडला. तिने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, “सुई टोचेल. मी पाच मोजेन, पाचला बाहेर.” शीर सापडायला वेळ लागला आणि पाच झाले तेव्हा नळी अर्धीच भरली होती. तिने सुई काढली. “पाच म्हणजे पाच,” म्हणाली. दहा मिनिटांनी त्याने स्वतः दुसरा हात पुढे केला.

‘थोडंसंच दुखेल’, ‘झालंच हं’ असलं काही ती बोलली नाही. आमच्या मुलांना ही खोटी वाक्यं बरोब्बर लक्षात राहतात.

जन्मापासून दृष्टी नाही

माझं थोडक्यात. आपण कोण ते सांगून मगच हात लावा. जाताना ‘जातेय’ म्हणा. मी दोनदा रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारल्या आहेत. मला दंडाला धरून ढकलू नका, तुमचं कोपर मला धरू द्या. एका ब्रदरनी पहिल्याच दिवशी घड्याळ सांगितलं : “तीनला पाण्याचा पेला, नऊला बेल, बाराला गोळ्यांची वाटी.” आणि टेबल पुसायला आलेल्या मावशींनाही बजावलं की वस्तू उचललीत तर जिथल्या तिथे ठेवा. सात दिवसांत एकदाही पेला सांडला नाही.

मणक्याची इजा, व्हीलचेअरवर ११ वर्षं

माझी इजा छातीच्या चौथ्या मणक्याला. आमच्यासारख्यांना, म्हणजे सहाव्याला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना, एक भलतंच संकट येऊ शकतं. लघवी तुंबली, पोट साफ झालं नाही, कपड्याची घडी रुतली, असं इजेच्या खाली काहीही झालं तर दुखणं कळत नाही, पण रक्तदाब एकदम चढतो. याला ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया म्हणतात. वेळीच ओळखलं नाही तर जिवावर बेतू शकतं.

मी भरती झालो होतो न्यूमोनियासाठी. रात्री डोकं फुटायला लागलं, तोंड लाल, मानेवर घाम. बीपी १५०. “एवढं काही नाही काका, झोपा,” असं ऐकवण्यात आलं. अहो, माझं रोजचं बीपी १०० च्या आसपास असतं! माझ्यासाठी १५० म्हणजे घंटाच. दुसऱ्या सिस्टर आल्या. मी सांगितलेलं त्यांनी अर्ध्यातच ओळखलं असं नव्हे, त्यांनाही ते नवीन होतं, पण म्हणाल्या, “तुम्ही सांगा, मी करते.” खाटेची डोक्याकडची बाजू उभी केली, पाय खाली सोडले, पट्टे सैल केले, मग कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी बसवलेली, नळी बोटांनी चाचपत गेल्या. खाटेच्या कठड्यात चिमटली होती. मोकळी केल्यावर पिशवीत धार लागली आणि काही मिनिटांत माझं डोकं उतरलं. त्यांनी माझं रोजचं बीपी फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं.

स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची मुलगी

बाबा ७८ वर्षांचे. सलाईन उपटायचे म्हणून मनगटं बांधली होती. नाईटच्या सिस्टरनी आधी विचारलं, “हे काय काम करायचे हो?” मी म्हटलं, शिंपी होते. त्यांनी गाठी सोडल्या, सलाईनच्या जागेवर बँडेज गुंडाळून वर लांब बाही ओढली आणि मांडीवर टॉवेलांचा ढीग ठेवला. बाबा कडा जुळवून घड्या घालत बसले. तिसऱ्या टॉवेलचा काठ उसवलेला होता, त्यावरून सिस्टरना रागावले.

दोन दिवसांनी मात्र ते अचानक भ्रमिष्टासारखे करू लागले. सगळे म्हणाले, वाढलाच आजार. याच सिस्टर अडून बसल्या : स्मृतिभ्रंश असा रात्रीतून वाढत नाही, काहीतरी वेगळं आहे. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला.

वॉर्डात काम करणारी

वरचं सगळं वाचून बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. एका नर्सच्या वाट्याला किती खाटा असतात ते बाहेर माहीत नसतं. दहापर्यंत मोजायला दहा सेकंद लागतात, पण त्या दहा सेकंदांत तीन बेल वाजतात. घाईत मीही चुकले आहे. गिळायला त्रास असलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका बाईंना मी अर्धवट आडवं ठेवूनच भरवलं. एक घास उतरायच्या आत दुसरा. त्या काही बोलत नव्हत्या, म्हणून मी समजले, ठीक चाललंय. घास श्वासनलिकेत गेला होता; दोन दिवसांनी छातीत न्यूमोनिया. कुणी मला जबाबदार धरलं नाही. आता मी आधी सरळ बसवते, चमचा लहान घेते, कंठ वरखाली झालेला दिसेपर्यंत थांबते, आणि नंतर अर्धा तास झोपू देत नाही. वेळ नसला तर मावशींना सांगण्यापेक्षा भरवणं पुढे ढकलते आणि बोलणी खाते.

कर्णबधिर, ओठ वाचणारी

मास्क लावून कितीही मोठ्याने ओरडलात तरी मला शून्य. ऑपरेशनला नेताना श्रवणयंत्र दाराशीच काढून घेतात. माझ्या सिस्टरनी भूल चढेपर्यंत ते कानात राहू दिलं, मग डबीत घालून डबी स्वतःच्या खिशात ठेवली. शुद्धीवर येताना पहिली गोष्ट कळली ती हीच, की कुणीतरी ते हलक्या हाताने परत बसवतंय.

धाकट्याचा दादा

भाऊ ३४ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. त्याच्यासाठी आम्ही दोन पानांची वही करून ठेवली आहे : कुठल्या हाकेला ओ देतो, दुखलं की काय करतो (गप्प होतो आणि कान ओढतो), कशाला घाबरतो. बहुतेक ठिकाणी ती वही उशीखाली पडून राहते. मागच्या खेपेला एका सिस्टरनी उभ्याउभ्या पूर्ण वाचली. डिस्चार्जच्या दिवशी घरी येऊन वही उघडली तर शेवटी वेगळ्या अक्षरात एक ओळ वाढली होती : ‘सलाईन डाव्या हातालाच. उजव्यात रुमाल असतो.’