सागवान उभे चिरायला सात इंची मशीनला किती दात्यांचे पाते?

चौकटवाला: १८५ मिमीचे हँड सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत) आहे, १२०० वॅट, विनाभार मिनिटाला ५००० फेरे. जुन्या सागाच्या दीड इंची (४० मिमी), ६ फुटी फळ्यांतून चौकटीसाठी ३ इंची पट्ट्या काढायच्या आहेत. प्लायचे ६० दात्यांचे टीसीटी (दात्यांच्या टोकाला कार्बाइड बसवलेले) पाते लावले तर कड काळी पडते, मोटर दमते आणि शेवटच्या दीड-दोन फुटांत पाते आवळले जाते. २४ घ्यावे की ४०?

रंधा_पटाशी: २४ घ्या.

फळीखाली ५ मिमी पाते ठेवून ४० मिमी लाकूड कापताना ६० दात्यांच्या पात्याचे सहा-सात दाते एकाच वेळी लाकडात असतात, २४ वाल्याचे दोन-तीन. मिनिटाला २ मीटर वेगाने ढकलले तर २४ मध्ये प्रत्येक दाता सुमारे ०.०१७ मिमी लाकूड उचलतो, ६० मध्ये जेमतेम ०.००७. एवढ्या पातळ पापुद्र्यात दाता कापत नाही, घासतो. घासल्याने उष्णता होते, सागाचे तेल दात्यांच्या बाजूंवर चिकटून जळते आणि कड काळी होते. शिवाय उभ्या चिरात भुसा लांब तंतूंसारखा निघतो. त्याला मावायला दोन दात्यांमधली खाच खोल लागते, आणि प्लायच्या पात्यात ती अगदी उथळ असते.

दुकानात दाते मोजून थांबू नका. दात्याचा पुढे झुकलेला कोन १५ ते २० अंश हवा. उणा (मागे झुकलेला) कोन असलेली पाती ॲल्युमिनियम आणि लॅमिनेटची, ती नकोत. १२०० वॅटला २ मिमीच्या आसपास रुंदीची चीर पाडणारे पातळ पाते बरे, जाड पात्याला मोटर पुरत नाही. भोक २० मिमी, २५.४ मिमी की ३० मिमी, हे मशीनच्या दांड्यावर मोजूनच जा. मोठे भोक असेल तर पात्यासोबतची रिंग वापरा, टेप गुंडाळून भागवू नका. पात्यावर छापलेले कमाल फेरे ५००० पेक्षा जास्तच हवेत.

सागाची_फळी: माझे मत थोडे वेगळे. पट्ट्या थेट सरसाने जोडायच्या असतील तर ४० दाते चालतील, पण हळू चालवावे लागते आणि १२०० वॅटला ४० मिमी साग जड जातो. इथे चौकटीला रंधा मारायचाच आहे, मग २४ ने कापून प्रत्येक कडेला एक-दीड मिमी जादा ठेवणे सोपे.

साग जुना आहे म्हणून एक सांगतो: आधी प्रत्येक फळीवर लोहचुंबक फिरवा. मोडलेला खिळा कार्बाइडचा दाता एका फटक्यात उडवतो. सागातल्या सिलिकामुळे साधे स्टीलचे पाते काही फळ्यांतच बोथट होते, त्यामुळे टीसीटीच घ्या. तेल चढले की पाते काढून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडमध्ये पंधरा मिनिटे ठेवा, नायलॉन ब्रशने घासा, पुसून लगेच कोरडे करा. बरेचदा पाते बोथट नसते, फक्त घाणीने माखलेले असते.

चौकटवाला: शेवटच्या दोन फुटांतले आवळणे २४ ने थांबेल का?

रंधा_पटाशी: कमी होईल, थांबेलच असे नाही. तिथे दोष बहुधा पात्याचा नसतो. लांब फळीत ताण साठलेला असतो, चीर पुढे गेली की मागच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे मिटतात. फूट-दीड फूट कापले की मशीन बंद करा, पाते थांबू द्या, मग चिरीत लाकडी पाचर बसवा. पाचर मशीनच्या बरीच मागे ठेवा आणि हलकीच ठोका, जोरात ठोकली तर फळी फुटेल.

दुसरे कारण फळीचा आधार. शेवटाला फळी मधून लोंबकळली तर चीर वरून मिटते. खाली दोन ओंडके आडवे ठेवा, एक चिरीच्या डाव्या अंगाला आणि एक उजव्या असे ठेवू नका. दोन्ही पट्ट्यांना शेवटपर्यंत टेकू मिळाला पाहिजे. सरळ पट्टी क्लॅम्पने बांधून तिला लगटून मशीन चालवा, हाताने रेषा धरली की पाते वाकडे घुसते आणि पुन्हा घासते. मशीनला पात्यामागची, चीर मिटू न देणारी दुभाजक पट्टी असेल तर ती काढू नका, फक्त तिची जाडी नव्या पात्याच्या चिरीपेक्षा कमी आहे का ते तपासा.

सागाची_फळी: आणि पाते अडकले तर मशीन मागे ओढू नका. ट्रिगर सोडा, पाते पूर्ण थांबू द्या, प्लग काढा, पाचर मारा, मगच बाहेर काढा. सागाचा बारीक भुसा घशाला झोंबतो, एन-९५ मास्क लावूनच बसा.