ईश्वर ‘असणे’ म्हणजे काय? धर्मकीर्ती आणि कान्ट

प्रश्न :
बौद्ध विचार निरीश्वरवादी आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यामागचा युक्तिवाद विचारायचे राहूनच जाते. सध्या मी ह्यूम आणि कान्ट हे अठराव्या शतकातले युरोपीय तत्त्वज्ञ वाचत आहे. ईश्वरसिद्धीचा एकेक पुरावा त्यांनी उलटसुलट करून पाहिलेला दिसतो. बौद्ध आचार्यांनी असे खंडन केले आहे का, की बाण कोणी मारला हे कळेपर्यंत तो काढू न देणाऱ्या माणसाच्या बुद्धाने दिलेल्या दृष्टान्ताप्रमाणे ‘असले प्रश्न बाजूला ठेवा’ एवढेच त्यांचे म्हणणे होते?

प्रतिसाद १ :
बाणाचा दृष्टान्त येथे लागू पडत नाही. बुद्धाने तो ज्याला सांगितला त्या मालुंक्यपुत्त या भिक्षूचे प्रश्न जग शाश्वत आहे का, तथागत मृत्यूनंतर असतो का, असे होते. त्यांत ईश्वर नाही. खंडन मात्र भरपूर आहे आणि त्यातले सर्वांत धारदार सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताच्या ‘प्रमाणवार्त्तिक’ या ग्रंथात सापडते. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार लागतो, तसे पृथ्वी-पर्वतांनाही बुद्धिमान कर्ता हवा, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणत. त्यावर धर्मकीर्ती म्हणतो की मातीचा विकार एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे मानावे लागेल. घट पाहून आपण कुंभाराचे अनुमान करतो, कारण चाकावर घट घडताना आपण पाहिलेला असतो; पर्वत घडवणारा कोणी पाहिलेला नाही. इंग्लंडमध्ये पेली या धर्मोपदेशकाने घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसा जगालाही कर्ता असणार, हा दाखला दिला तो 1802 साली, म्हणजे हे उत्तर त्याच्या हजार वर्षे आधीच तयार होते!

प्रतिसाद २ :
वारुळाइतकाच महत्त्वाचा आहे तो ‘असणे’ या शब्दाचा अर्थ. धर्मकीर्तीच्या मते जे काही कार्य घडवू शकते तेच सत्. याला तो अर्थक्रियासामर्थ्य म्हणतो. नित्य वस्तू कधी बदलत नाही, म्हणून ती कार्य क्रमाक्रमाने करू शकत नाही, आणि एकदम करते म्हणावे तर पुढच्या क्षणी तिच्यापाशी करण्याजोगे काही उरत नाही. म्हणजे ईश्वर नित्य आहे असे म्हणताच तो कारण असण्याची शक्यता संपते.

कान्ट 1781 मध्ये वेगळ्या दिशेने जातो. त्याच्या मते अस्तित्व हा वस्तूचा गुणच नव्हे: खऱ्या शंभर थालर नाण्यांच्या संकल्पनेत कल्पनेतल्या शंभरांपेक्षा एक छदामही जास्त नसतो, म्हणून ईश्वराच्या नुसत्या संकल्पनेतून त्याचे अस्तित्व निघत नाही. पण माझ्या सांपत्तिक स्थितीत खऱ्या नाण्यांनी फरक पडतो, हेही तो तिथेच मान्य करतो. धर्मकीर्तीने नेमके याच वाक्यावर बोट ठेवले असते, कारण फरक पाडणे हेच त्याच्या लेखी ‘असणे’, असे मला नेहमी वाटते.

प्रतिसाद ३ :
एक हरकत. क्रमाने की एकदम, हा पेच काळात वावरणाऱ्या कर्त्यासाठी आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचा ईश्वर काळाच्या बाहेर आहे. त्याचा संकल्प अनादी, पण त्या संकल्पातच कार्ये आपापल्या वेळी घडावीत असे ठरलेले. नैयायिकांचा ईश्वरही जीवांचे अदृष्ट (पापपुण्याचे संचित) आणि इतर सहकारी कारणे जमल्यावरच सृष्टी करतो. सहकारी कारणांवर बौद्धांचे उत्तर तयार आहे: ती नित्य वस्तूत काही भर घालत असतील तर ती बदलली, घालत नसतील तर त्यांची गरजच काय? अक्वायनसच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद तसाच उचलून लावता येणार नाही. आधी काळाबाहेरचे कारण म्हणजे काय, यावरच भांडावे लागेल.

प्रश्नकर्ता :
हरकत पटली. पण काळाबाहेरचा संकल्प आणि काळातले कार्य यांचा संबंध कोणी पाहिला आहे, असे धर्मकीर्ती विचारील आणि आपण पुन्हा वारुळापाशी येऊ.