लिहून बोलणं म्हणजे पळ काढणं का?

शाईपेन: फोन वाजला की मी तो वाजू देते. थांबला की मेसेज टाकते, "कामात होते, काय म्हणत होतीस?" काल मैत्रिणीने सुनावलंच, "तू माणसं टाळतेस." मला हे मान्य नाही. समोरासमोर माझी दातखीळ बसते, लिहिताना मात्र मी चक्क विनोद करते. माझ्या दोन घट्ट मैत्र्या लिहूनच जमल्यात. ज्याला जसं जमतं तसं त्याने बोलावं. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा: जरा कडू लिहितो. फोन टाळला की धडधड लगेच उतरते, आणि गोची तिथेच आहे. टाळलं म्हणून वाचलो, एवढंच मन शिकतं. उचलला असता तर आभाळ कोसळलं नसतं, हे कळायची वेळच येत नाही. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचं जे प्रारूप मांडलं, त्यात या अशा बचावाच्या सवयींवरच बोट ठेवलंय. मेसेज चारचारदा खोडून लिहिणं हीसुद्धा तीच सवय. मी यात बरीच वर्षं घालवलीत.

शाईपेन: हे उत्तर एका दमात लिहिलंत का?

उंबरठा: दोनदा खोडलं.

तिसरीघंटा: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका हो. इंटरनेटमुळे एकटेपणा वाढतो, असं क्राउट नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोकांना तपासून लिहिलं आणि केवढा गाजावाजा झाला! तपासलेल्या त्याच लोकांकडे ते पुन्हा गेले, तर तो परिणाम बराचसा ओसरलेला. हे २००२ मध्ये त्यांनीच छापलं. त्यात नवे लोकही तपासले होते. बोलक्या माणसांना फायदा दिसला, बुजऱ्यांना उलट तोटा.

शाईपेन: तुम्ही माझी बाजू घ्यायला आला होतात ना?

तिसरीघंटा: आले होते खरी.

काठावरचा: लिहिण्यात निवांतपणा असतो हेच मला पटत नाही. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि रात्रभर आपण आपलंच वाक्य उकरत बसतो. समोर निदान चेहरा तरी दिसतो. पण ज्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्याच्या हातून लेखणीही काढून घ्यायची? हे मात्र मला क्रूर वाटतं.

उंबरठा: काढून घ्या असं मी म्हटलंच नाही. आधी मेसेजवर वेळ ठरवा, मग पाचच मिनिटं फोन.

शाईपेन: ठरवून? म्हणजे दिवसभर पोटात गोळा. त्यापेक्षा अचानक आलेला परवडला.

उंबरठा: मग मैत्रिणीला तसंच सांगा.

शाईपेन: सांगते. मेसेज करून.