प्रतिसाद: २८० चौरस मीटर मोजताना गोदाम धरायचं का?

वर कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडमध्ये रविवारच्या विक्रीच्या मर्यादेसाठी मोठ्या दुकानाचं क्षेत्रफळ गोदाम धरून मोजतात. तसं नाही. १९९४ च्या संडे ट्रेडिंग कायद्यात गिऱ्हाईक हाताळायची आणि माल मांडायची आतली जागाच मोजतात. मागचं गोदाम, ऑफिस वगळायचं. ही मोजलेली जागा २८० चौ.मी.च्या वर गेली, की रविवारी सलग सहा तासच विक्री, तीही सकाळी १० ते संध्याकाळी ६ मध्ये. घोळ होतो तो इथेच: गोदामात चार रॅक लावून विक्री सुरू केली, की तेवढी जागा मोजमापात येते. ईस्टरच्या रविवारी तर अशी मोठी दुकानं पूर्ण बंद. पेट्रोल पंप, रेल्वे स्टेशन, विमानतळावरच्या दुकानांना सूट आहे. स्कॉटलंडला हा नियमच नाही.